पाडव्याची गाडी, शनिवारची वॉरंटी

दिल्लीत गाडी घ्यायची ती धनत्रयोदशीला. त्या दिवशी मथुरा रोडवरच्या शोरूमांपुढे जत्रा भरते, गाड्या लाल रिबिनी बांधून नवऱ्या मुलींसारख्या एकामागून एक बाहेर पडतात आणि मागे सगळा रस्ता तुंबतो. आम्ही घेतली पाडव्याला. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा अख्खी दिल्ली फटाक्यांच्या धुरात पांघरूण ओढून झोपलेली असते. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा. पण सासूबाईंच्या मते दिल्लीच्या पूर्ण मुहूर्तापेक्षा आपला अर्धा बरा.

गाडी घेण्याची हौस आमच्यापैकी कुणालाच नव्हती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून बस पकडायची, मंत्रालयाच्या दारात उतरायचं, संध्याकाळी तसंच परत, असं माझं चाललं होतं. मग एके दिवशी आमचं कार्यालय नोएडाला हलवण्याचा हुकूम निघाला. त्या काळात सगळंच नोएडाला निघालं होतं: वर्तमानपत्रं, टीव्हीवाले, सॉफ्टवेअरवाले. आमच्या खात्याला आपणही मागे नाही हे दाखवायचं होतं. नवी इमारत निळ्या काचेची होती. आजूबाजूला मोकळे प्लॉट, त्यात म्हशी, आणि दूरवर आणखी एक निळी काच. सेक्टरांना नावं नव्हती, आकडे होते, आणि एका आकड्याच्या शेजारी पुढचा आकडा असेल असं मानणारा माणूस हमखास चुकत असे.

कार्यालयाची बस साडेपाचला सुटायची. आमच्या संचालकांना कामं पाचनंतर आठवायची. बस सुटली की चौकात उभं राहून, आधीच भरलेल्या टेम्पोत गुडघे घुसवायचे आणि यमुनेच्या अलीकडे सुखरूप पोचेपर्यंत कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. दोनतीनदा हे केल्यावर मी घरी सांगितलं की असं चालणार नाही.

नवरा तेव्हा गुवाहाटीला होता. त्याची बदली कधी होईल हे त्याच्या खात्यालाही माहीत नव्हतं. मुलगी नववीत होती. तिची बारावी होईपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ चार वर्षं, दिल्लीत टिकायचं असं आम्ही ठरवलं होतं. पण माझं जाणंयेणं जमलं नाही तर दुसरा बेतही तयार होता: मी नोएडाजवळ एक खोली घ्यायची, सासूबाईंनी गुवाहाटीला जायचं आणि मुलीने पुण्याला आत्याकडे. बेत नणंदेने फोनवर मांडला होता, तोही इतक्या मायेने की नाही म्हणायला जागा नव्हती. मुलीने तो दुसऱ्या खोलीतून ऐकला होता. तेव्हापासून मी कार्यालयातून आले की ती रोज विचारायची, "आज किती वाजता निघालीस?"

म्हणून गाडी. आणि गाडीपेक्षाही जास्त, वॉरंटी.

याचं कारण आमच्या क्वार्टरखाली उभं होतं. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची गाडी दोन वर्षांची वॉरंटी संपल्यावर जणू त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखी बंद पडली होती आणि तेव्हापासून ताडपत्रीखाली होती. ते सद्गृहस्थ रविवारी ताडपत्री उचलून आत बघत आणि पुन्हा सोडत, आयसीयूत नातेवाईक बघावा तसे. त्यांच्याकडे निदान मेकॅनिकशी बोलणारा पुरुष होता. मी ड्रायव्हिंग शिकत असताना शिकवणाऱ्याची गाडी एकदा अडली, तर मेकॅनिकने माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मागच्या विजेच्या खांबाला दिलं. मग म्हणाला, "साहब को भेज दीजिए." साहेब ब्रह्मपुत्रेच्या काठी होते.

तेव्हा मला हवं होतं ते एवढंच: चार वर्षं गाडीला काहीही झालं तरी कंपनीच्या वर्कशॉपात नेऊन उभी करायची, आणि दुरुस्ती करणं हे त्यांचं काम असावं, माझी विनवणी नव्हे. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची होती. पुढच्या दोन वर्षांसाठी वाढीव वॉरंटी नावाचा प्रकार तेव्हा नुकताच आला होता. मी ती घेतली. अट एकच: गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाण्याआधी शोरूमने ती कंपनीकडे नोंदवायची. नोंद झाली नाही तर वाढीव वॉरंटी नाही.

नवऱ्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "तोंडी ऐकू नकोस. लिहून घे."

"मीही सरकारी नोकरीत आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतोय. आपल्याला वाटतं, फाइल पुढे सरकली म्हणजे काम झालं."

पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघी शोरूममध्ये पोचलो, तेव्हा रखवालदार शटर वर करत होता. फरशीवर धनत्रयोदशीच्या झेंडूच्या पाकळ्या काळ्या पडल्या होत्या. टाय लावलेला एक सेल्समन खास आमच्यासाठी आला होता आणि त्याचे डोळे आदल्या रात्री पत्ते खेळलेल्या माणसाचे होते. तरी समारंभात त्याने काटकसर केली नाही. गाडीवर गुलाबी सॅटिनची चादर होती. ती ओढायच्या आधी टेपवर शंख वाजला. मग माझ्या हातात थर्मोकोलची एक हातभर सोनेरी किल्ली आली. ती ज्या गाडीला लागेल ती गाडी आमच्या गल्लीत वळली नसती. फोटो निघाला. टाळ्या वाजवायला फक्त सेल्समन आणि रखवालदार होते. त्यांनी त्या मन लावून वाजवल्या.

"वाढीव वॉरंटीची नोंद झाली का?" मी विचारलं.

"हो जाएगी, मॅडमजी. बिल्कुल हो जाएगी."

"झाली का?"

तो हसला. वॉरंटीचं काम बघणारे एक गृहस्थ होते आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर नोंद फक्त त्यांनाच करता यायची. ते छठसाठी गावी गेले होते, बिहारला. "छठ के बाद आएंगे, आते ही डाल देंगे. आप गाडी ले जाइए ना, टेन्शन मत लीजिए."

दिल्लीत मला टेन्शन न घेण्याचा सल्ला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांच्यापैकी एकानेही ते स्वतःकडे घेतलं नाही. मी म्हटलं, "नोंद गाडी नेण्याआधी व्हायला हवी असं तुमच्याच कागदावर आहे."

"वो तो मॅडम, लिखने की बात है."

सासूबाई एव्हाना बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय म्हणतो तो?"

"म्हणतो, आज गाडी न्या, नोंद नंतर करू."

"मग ने की. राहुकाळ लागायच्या आत फाटकाबाहेर पडायला हवं."

"आई, नेली तर पुढची दोन वर्षं हातची जातील."

"आणि नाही नेली तर पाडवा जाईल. पाडवा काय तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्यासाठी थांबणार आहे?"

"आजी, यार," मुलगी म्हणाली, "पाडवा दरवर्षी येतो ना."

"तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

हे खरं होतं. मी गाडीभोवती फिरू लागले. एकदा फिरले, पुन्हा फिरले. टायर बघितले, जसं काही मला टायरांतलं कळत होतं. गाडी घेऊन जावं आणि वॉरंटीचं नंतर बघावं असं दर फेरीला वाटायचं, आणि गाडीच्या मागच्या बाजूला पोचले की तळमजल्यावरची ताडपत्री दिसायची. सेल्समन घड्याळ बघत होता, सासूबाई त्याच्यापेक्षा जास्त वेळा बघत होत्या.

शेवटी मीच तोड काढली. गाडी आज चालवायची, पण फाटकाबाहेर न्यायची नाही. शोरूमच्या मागे गाड्या धुवायचं अंगण होतं. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, सासूबाई पुढच्या सीटवर नऊवारी सावरून बसल्या आणि मी पहिल्या गिअरमध्ये त्या अंगणाला एक फेरी घातली. पाण्याचे पाइप, डबकी आणि एक झोपलेलं कुत्रं यांच्यामधून आमची मिरवणूक गेली. कुत्र्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. बाकी दिल्लीचं मतही त्या दिवशी साधारण तेच होतं.

"झाला मुहूर्त?" मी विचारलं.

"चाक फिरलं ना? मग झाला," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात तक्रार होती.

मी हार सोडवत होते तेव्हा सासूबाई सेल्समनच्या टेबलाशी जाऊन कसल्याशा कागदावर सही करत होत्या. मला वाटलं, भेट मिळालेल्या मिठाईच्या डब्याची पोच असेल. मग आम्ही नवी कोरी गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आलो. रिक्षावाला आरशातून सारखा सासूबाईंकडे बघत होता. त्यांच्या हातात झेंडूचा हार, अर्धा नारळ आणि मिठाईचा डबा होता. "शादी से आ रहे हो, माताजी?" त्याने विचारलं.

"हो," सासूबाई मराठीतच म्हणाल्या. "नवरी तिकडेच ठेवून आलो."

पुढचे दिवस वाईट गेले. मी शोरूमला रोज फोन करायचे. छठचं व्रत किती दिवसांचं असतं, गाड्या किती उशिरा धावतात, बिहारहून परत येणाऱ्या माणसाला कुठल्या कुठल्या कारणांनी अडवलं जाऊ शकतं, हे मला इतकं माहीत झालं की मी त्यावर टिपण लिहू शकले असते. कार्यालयात संचालकांनी एकदा पाचनंतर बोलावलं, बस गेली, आणि मी टेम्पोत उभी राहून घरी आले. मुलीने विचारलं, "आज किती वाजता?" मी खोटी वेळ सांगितली. तिने घड्याळाकडे बघितलं आणि वहीत डोकं घातलं. त्याच रात्री नणंदेचा फोन: इकडच्या शाळेत दहावीत प्रवेश मिळेल, विचारून ठेवू का? मी म्हटलं, थोडं थांबा. कशासाठी थांबायचं ते सांगितलं नाही. आपल्या मुलीचा मुक्काम छठच्या प्रसादावर अवलंबून आहे हे पुण्यात समजावून सांगणं कठीण होतं.

अखेर निरोप आला: वॉरंटीवाले आले आहेत, शनिवारी या.

"शनिवारी?" मी सासूबाईंना सांगताना जरा चाचरलेच. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हा त्यांचा नियम तव्यापासून सुईपर्यंत सगळ्यांना लागू होता.

त्यांनी क्षणभर विचार केला. "घेतली पाडव्याला. शनिवारी फक्त आणायची आहे. माहेरी राहिलेली सून शनिवारी आली तर लग्न शनिवारचं होत नाही." त्या एखाद्या खंडपीठावर शोभल्या असत्या.

वॉरंटीचं काम बघणारे गृहस्थ वयस्क होते, स्वेटर घातलेले, शांत. त्यांनी आधी मला ठेकुआ दिला, छठचा प्रसाद. मग कॉम्प्युटर सुरू केला. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि येताना कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज करायचं. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी गाडीचा चासी नंबर टाइप केला, मी हातातल्या कागदावर ताडून बघितला. वाट बघितली. तार तुटली. पुन्हा आवाज, पुन्हा नंबर. मग पडद्यावर एक लाल ओळ आली आणि त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, यह तो रिजेक्ट कर रहा है. कहता है गाडी डिलीवर हो चुकी है."

"गाडी कुठे आहे?"

आम्ही दोघांनी काचेतून बाहेर बघितलं. गाडी अंगणात उभी होती, तिच्या छतावर त्या आठवड्याची धूळ होती.

"दिवाली के अगले दिन की डिलीवरी है," ते कागद चाळत म्हणाले. "सही भी है. हिंदी में."

ती हिंदी नव्हती. ती सासूबाईंची सही होती, मोडी वळणाची, शेवटी दोन टिंबं. सेल्समनला बोलावलं. तो म्हणाला, "आंटीजी ने ही कहा था, आज की डिलीवरी डालो, शगुन का दिन है. मैंने सोचा, दिल रख लो."

मला राग यायला हवा होता. पण परिस्थिती इतकी ओळखीची होती की रागाआधी हसूच येऊ लागलं. आमच्या खात्यात कागदावर बदली झालेली माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसलेली मी बघितली होती. कागदावर खणलेल्या विहिरींची तपासणी करायला गेलेले अधिकारी कागदावर त्यांचं पाणीही प्यायले होते. आता माझी गाडी कागदावर दिल्लीत हिंडत होती आणि प्रत्यक्षात पक्ष्यांची सोय करत होती.

"उपाय काय?" मी विचारलं.

मॅनेजरला बोलावलं गेलं. त्याने कंपनीच्या कार्यालयाला फोन लावला, बराच वेळ 'जी, जी' केलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगितलं: पाडव्याची डिलिव्हरी रद्द करायची, चुकीने लिहिली गेली असं कळवायचं, आधी वॉरंटी नोंदवायची आणि मग आजच्या तारखेने नवीन डिलिव्हरी लिहायची. "मतलब मॅडम, रेकॉर्ड में गाडी आपने आज ली. सॅटरडे को. आपको कोई दिक्कत?"

मला नव्हती. माझा ना पाडव्यावर विश्वास ना शनिवारवर. मी लगेच हो म्हणू शकले असते, आणि सासूबाईंना कधी कळलंही नसतं. पण गाडीत पुढच्या सीटवर त्याच बसणार होत्या, आणि मुलगी शाळेतून येईल तेव्हा घरात त्याच असणार होत्या, चार वर्षं. मी मॅनेजरला म्हटलं, "एक फोन करते."

घरचा फोन सासूबाईंनीच उचलला. मी सगळं सांगितलं, एका दमात. सही, लाल ओळ, रद्द, शनिवार. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे माझ्या सहीमुळे अडलं?"

"सहीमुळे नाही, तारखेमुळे."

"पोरीची चार वर्षं त्यात आहेत?"

"पुढची दोन. पहिली दोन कंपनी देतेच."

"लिही शनिवार," त्या म्हणाल्या. "देव काय सरकारी कागद वाचतो? तुमचे मंत्री वाचत नाहीत, तो कुठला वाचतोय." आणि फोन ठेवण्याआधी: "पण ह्यांच्या फोटोपुढे मी पाडवाच म्हणणार. सांगून ठेवते."

मग दुपारपर्यंत नुसती वाट. रद्द करायला एक फॅक्स गेला, तो मिळाल्याचा फोन येईना. मी उठले, बसले, पाणी प्यायले, धुण्याच्या अंगणात जाऊन आले. सेल्समनने गुलाबी चादर पुन्हा पांघरायची का असं विचारलं, नव्या डिलिव्हरीसाठी; मी नको म्हटलं. शंख तरी? शंखही नको. तो खरोखर नाराज झाला.

नोंद झाली असं ते वयस्क गृहस्थ म्हणाले तेव्हा मी म्हटलं, कंपनीच्या कार्यालयात फोन घेणाऱ्या बाईंशी मला स्वतः बोलू द्या. मॅनेजरने भुवया उंचावल्या, पण फोन दिला. पलीकडचा आवाज तरुण आणि कंटाळलेला होता. तिने चासी नंबर वाचला, मी ताडला. वाढीव वॉरंटी कुठपर्यंत ते सांगितलं: चौथं वर्ष संपेपर्यंत. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. मी विचारलं, इंजिन? हो. गिअरबॉक्स? हो. क्लच? "क्लच घिसने वाली चीज है मॅडम, वो किसी वॉरंटी में नहीं आता. चलाने वाले पर है."

ते वाक्य सोबत घेऊन मी निघाले. मथुरा रोडवरून घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला मी क्लचवरचा पाय असा अलगद उचलत होते की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले. चार वर्षांची खात्री खिशात होती आणि मन मात्र आवाज ऐकत होतं. हा कसला? तो कसला? आश्रमच्या वळणानंतर एक टिकटिक सुरू झाली आणि थांबेना. ती थांबावी म्हणून मी वेग वाढवला, कमी केला, खिडकी उघडली. सफदरजंगजवळ कळलं की इंडिकेटर चालू राहिला होता. एवढा वेळ मी डावीकडे वळणार आहे असं सगळ्या दिल्लीला सांगत सरळ चालले होते.

क्वार्टरखाली दोघी उभ्या होत्या. सासूबाईंनी चाकांवर पाणी घातलं, गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, शनिवार असल्याबद्दल एक अक्षर न बोलता. मुलगी गाडीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. चार वर्षं."

"पक्का ना? किसी से पूछा?"

"कंपनीला विचारलं. दोनदा."

"मग आत्याला फोन कर ना. आत्ताच."

"करते. आधी चहा तरी घेऊ दे."

"आधी फोन," ती म्हणाली आणि माझ्या हातातली किल्ली काढून घेतली, जणू फोन झाल्याशिवाय ती परत मिळणार नव्हती.

सासूबाई गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या होत्या. तिथूनच त्या नातीला म्हणाल्या, "हो, कर म्हणावं फोन. आणि तू अभ्यासाला लाग. बारावीला नापास झालीस तर पाचव्या वर्षाचं कुणी काही लिहून दिलेलं नाही."